हंजाचे हात नव्हते ते

शालिनीताई सुभेदार हे नाव आधी लिहून टाकतो. पुढे मी जे लिहिणार आहे त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही. त्यातलं जे काही चांगलं आहे ते मात्र त्यांच्याकडून आलेलं आहे.

माझे वडील धारच्या मराठी घरांतल्या लग्नामुंजींना आचारी म्हणून जात. मी बी.ए. झालो त्या वर्षी सुभेदारांकडच्या एका मुंजीत मी पंगतीत वाढायला होतो. शालूताईंनी विचारलं, "काय रे, शिकतोस काय?"

"बी.ए. झालो."

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिलाच. पण झाल्यावर पुढे काय करायचं असतं, ते घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

"जीप चालवता येते?"

"येते."

"मग सोमवारी ये."

मला जीप येत नव्हती. सोमवारपर्यंत शिकलो.

सुभेदारांचे पूर्वज संस्थानात अधिकारी होते. ताईंच्या वाट्याला त्यातलं आलं ते म्हणजे एक जुनी जीप आणि धार-देवासकडच्या प्रत्येक गावात ओळखीचा एक तरी माणूस. मांडूकडे शूटिंगला येणाऱ्या सिनेमावाल्यांना त्या जागा दाखवायच्या. तेच काम पुढे माझं झालं. घरी आम्ही मराठी बोलत असू, पण शाळा-कॉलेज सगळं हिंदीत. म्हणून ताईंनी मला रोज एक पान मराठी लिहायला लावलं. लाल शाईनं दुरुस्त करून ते परत द्यायच्या. हा लेख त्यांनी पाहिलेला नाही, तेव्हा चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.

हे काम करणाऱ्याला सगळे 'लोकेशनवाला' म्हणतात. मुंबईचा माणूस फोन करतो, "एक गाव पाहिजे." गावात विजेच्या तारा नकोत, प्लास्टिकच्या टाक्या नकोत, सिमेंटचा रस्ता नको. पण दोनशे पावलांवर त्यांची एसी गाडी उभी राहिली पाहिजे. असं गाव मी शोधतो. मग पंचायत, ठाणं, शेतमालक, देवळाचा पुजारी, सगळ्यांना विचारतो. सगळ्यांना विचारून झालं की जो एक विचारायचा राहिलेला असतो, नेमका तोच येऊन शूटिंग बंद पाडतो.

राजगढच्या एका शेठजींनी आपलं दुकान शूटिंगला दिलं होतं. आम्ही त्यांच्या नव्या कोऱ्या पाटीवर पडदा टाकला. ते दर अर्ध्या तासाला येऊन पडदा काढायचे. मी हात जोडून म्हणालो, "शेठजी, कहानी सौ साल पहले की है."

"तो क्या हुआ भिया? सौ साल पहले भी दुकान हमारी ही थी. नीचे लिखवा दो."

अशा माणसांवर मी कधी चिडलो नाही. ते निदान मनातलं बोलतात. बाकीचे बोलत नाहीत, आणि म्हणून ताईंचा एक नियम होता. युनिट निघून गेल्यावर आठव्या दिवशी त्या जागी परत जायचं. त्याला त्या 'मागची फेरी' म्हणत. पहिले दोन-चार दिवस गाव हरखलेलं असतं, हिरॉइन कुठे बसली ते दाखवत असतं. आठव्या दिवशी खरं बाहेर येतं. जनरेटरच्या आवाजानं म्हैस दूध देईनाशी झालेली असते. भिंतीला लावलेला जुनाट रंग धुऊन जात नसतो. ते सगळं ऐकून घ्यायचं आणि निस्तरायचं. त्या फेरीचे पैसे कुठलीच कंपनी देत नाही. ताई म्हणायच्या, "आपल्याला इथेच राहायचंय. ते जातात, आपण जात नाही." संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, "दिनकर, फेरी झाली?"

चार वर्षांपूर्वी एका दिग्दर्शक बाईंनी मला बोलावलं. त्यांना भटक्या जीवनावर सिनेमा करायचा होता. राजस्थानातून दर हिवाळ्यात आमच्या माळव्यात मेंढपाळांचे डेरे येतात. पाच-दहा कुटुंबं, शेकडो मेंढ्या आणि सामान वाहायला उंट. उंटांच्या पाठीवर खाटा, भांडी, मेंढीची नवी पिल्लं, सगळं असतं. सोयाबीन निघाल्यावर रिकाम्या झालेल्या शेतात शेतकरी त्यांना बोलावतात, कारण मेंढ्या बसल्या की शेताला खत मिळतं. दोन-तीन मुक्काम झाले की डेरा पुढे सरकतो. बाईंची गोष्ट साधी होती. चालता चालता एका मेंढपाळणीचा नवरा वारतो. लोक म्हणतात, गावी परत जा. ती जात नाही, मेंढ्या घेऊन एकटी पुढे चालत राहते. बाईंना त्यात नट-नट्या नको होत्या, खरेच मेंढपाळ हवे होते.

टोंकखुर्दजवळ मला एक डेरा सापडला आणि त्यात हंजाबाई सापडली. पस्तिशीची, उंच, तोडून बोलणारी. कॅमेरा समोर असला तरी ती मेंढ्यांकडेच बघायची. बाई खूश झाल्या. हंजाचा नवरा वागाराम हा गप्पिष्ट माणूस. सिनेमातही तोच नवरा होणार असं ठरलं.

"मतलब मैं मरूँगा?" त्यानं विचारलं.

"दूसरे ही दिन," बाई म्हणाल्या.

"फिर बाकी दिन क्या करूँ?"

"अपनी भेड़ें चराओ."

"ये अच्छा है. मर के भी भेड़ें ही चरानी हैं."

सगळा डेरा हसला. हंजाही हसली.

डेऱ्याचा मुखिया रोज पहाटे ठरवायचा की आज हलायचं की थांबायचं. आमच्याकडे उद्याच्या शूटिंगचा कागद आदल्या संध्याकाळी वाटावा लागतो. मी मुखियाला विचारायचो, उद्या कुठे? तो म्हणायचा, "घास जाने." हे कागदावर कसं लिहिणार? शेवटी आमचे ट्रक, जनरेटर, जेवणाची गाडी, सगळी वरात मेंढ्यांच्या मागे फिरू लागली. त्या दिवसांत मी फार थकलो, पण सुखात होतो, हेही खरं.

मग चूड्याचा दिवस आला. या बायका मनगटापासून पार दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या घालतात. त्याला चूडा म्हणतात. नवरा आहे तोवर चूडा आहे. सिनेमात नवरा गेल्यावर हंजा चूडा उतरवते, असा प्रसंग होता. हंजा सरळ नाही म्हणाली.

बाईंनी समजावलं, "हंजा, ये तो कहानी है. तेरा आदमी तो सामने खड़ा है, ज़िंदा है."

"इणी वास्ते कोनी उतरे," हंजा म्हणाली. तो जिवंत आहे म्हणूनच उतरणार नाही.

काम थांबलं. बाई गाडीत जाऊन बसल्या. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण अशा वेळी बघायचं ते लोकेशनवाल्याकडेच. मला एक युक्ती सुचली. हात दुसऱ्या बाईचे घ्यायचे. तिरल्याची सुगनाबाई माझ्या ओळखीची होती, आमच्या युनिटला रोट्या करून द्यायची. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. हंजासारखेच काटक, सावळे हात. डेरा मेंढ्यांमागे गेलेला असताना मी तिला घेऊन आलो, त्यामुळे डेऱ्यातल्या कुणी तिला पाहिलं नाही.

"सिर्फ हाथ?" तिनं विचारलं. "अच्छा है, मुँह की झंझट नहीं."

वर्षानुवर्षं चूडा घातला की खालची कातडी फिकट पडते. मेकअपवाल्यानं सुगनाच्या हातांवर तसे फिकट पट्टे रंगवले. ती बघत म्हणाली, "मेरे भी ऐसे ही पड़े थे. साल भर नहीं गए." मग सिनेमासाठी आणलेला चूडा तिच्या हातांत चढवला आणि तिनं एकेक बांगडी उतरवली. 

हंजाला मी आधीच सांगून आलो होतो, "चूडा तुम्हारे हाथ में ही रहेगा. मेरी ज़बान." तिनं विचारलं, "बस?" मी म्हणालो, "बस." तिचं काम एवढंच होतं की ओढणीत हात झाकून बसायचं आणि समोर बघायचं. वागाराम तेव्हा मेंढ्या घेऊन लांब गेला होता. ती बसली आणि तिनं समोर बघितलं. मी शब्द पाळला म्हणून युनिटनं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

पडद्यावर आधी चेहरा आणि लगेच हात आले की बघणारा ते एकाच बाईचे समजतो. सिनेमाचा धंदा त्याच्यावरच चालतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. तिला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं आणि मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं नुसतं बसायलाही नकार दिला असता.

आठव्या दिवशी मी मागच्या फेरीला टोंकखुर्दला गेलो. शेत होतं, डेरा नव्हता. शेतकरी खतावर खूश होता, चहा पाजला. मेंढपाळ कुठे गेले म्हणून विचारलं तर त्यानं लांब हात केला. मी परत फिरलो. संध्याकाळी ताईंचा फोन आला. मी म्हणालो, "झाली फेरी. सगळं ठीक आहे."

सिनेमाला परदेशात मोठं पारितोषिक मिळालं. चूडा उतरवण्याच्या प्रसंगाचं सगळीकडे कौतुक झालं. प्रत्यक्ष मेंढपाळणीनं आपला खरा चूडा उतरवला, किती धीराची बाई, असं लोक लिहू लागले आणि कंपनीतलं कुणी ते खोडून काढेना. धारला माझा सत्कार झाला. हार, शाल, नारळ. देवासला लोक मला 'अवॉर्डवाले भिया' म्हणू लागले. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू.

गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या एका कामासाठी तिरल्याकडे फिरताना एक डेरा दिसला. हंजाबाई कुठे असते, म्हणून मी विचारलं. एक तरुण मेंढपाळ हसायलाच लागला.

"कौन, स्वर्गवासी की घरवाली?"

मला कळेना. त्यानं मोबाइल काढून दाखवला. त्यात तोच तुकडा. हंजाचा चेहरा, मग उघडे हात, फिकट पट्टे. हा तुकडा मारवाडपर्यंत प्रत्येक मोबाइलमध्ये पोचला होता. वागाराम कुठल्याही डेऱ्यावर गेला की लोक म्हणायचे, "आओ स्वर्गवासी, चाय पियो," "देखो रे, इसकी परछाई पड़ती है कि नहीं." आधी तो हसायचा. मग हसेनासा झाला. त्यानं हंजाला विचारलं, माझ्यामागे तू चूडा उतरवलास का? ती म्हणाली, नाही. त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला. त्यानंतर त्यानं मेंढ्या विकल्या. दोघं डेरा सोडून देवासला गेली.

देवासला कारखान्यांच्या मागच्या वस्तीत, पत्र्याच्या एका खोलीत ती मला भेटली. वागाराम एका गोदामावर चौकीदार होता, ड्यूटीवर गेला होता. हंजानं दार उघडलं. चूडा हातात होता, दोन्ही दंडांपर्यंत. ओरडेल म्हणून मी तयारीनं गेलो होतो. ती ओरडली नाही. पाणी दिलं, समोर बसली.

"एक बात बता," ती म्हणाली. "तन्ने ठा थी? असो दीखेला?"

हे असं दिसणार, हे तुला ठाऊक होतं का?

मी म्हणालो, "हो."

"तो बोल्यो क्यूँ नी?"

पत्र्यावर माकडं नाचत होती. 

मग तिनं सांगितलं की सासू अजून धाकट्या मुलाबरोबर डेऱ्यातच आहे आणि तिच्याशी बोलत नाही. मुलगा आणि सून पक्क्या छपराच्या मोहानं गेले, असं म्हातारीला वाटतं. चेष्टा काय झाली ते तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही, आणि असलं आईला सांगणार कोण? हंजाला पैसे नको होते, सिनेमात नाव नको होतं. "मुझे चलना है," ती म्हणाली. "यहाँ दीवार ही दीवार. तू चल के सबके सामने बोल." मी डेऱ्यापुढे उभं राहून खरं सांगायचं, एवढंच तिचं मागणं.

मी दिग्दर्शक बाईंना फोन केला. त्या वाईट नाहीत.  म्हणाल्या, "दिनकरजी, मुझे सच में बुरा लग रहा है. पर वो सीन लोगों को सच्चा लगता है. ये बात बाहर मत ले जाइए. अगली फिल्म भी उधर ही है, आपका नाम लिख रखा है." मी म्हणालो, विचार करतो. विचार करण्यात मी दोन आठवडे घालवले. धारहून देवासला जाणारा रस्ता त्या दोन आठवड्यांत मी मुद्दाम टाळला.

शालूताई आता मुलीकडे नागपूरला असतात. कानांनी ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. त्यांना पाठवलेलं पत्र खाली उतरवून देतो.

तीर्थस्वरूप शालूताईंस,

दिनकरचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

ताई, मेंढपाळांच्या सिनेमानंतर मी तुम्हाला फेरी झाली म्हणून सांगितलं होतं. ते खोटं होतं. मी शेत बघून आलो, माणसं बघितली नाहीत. सुगनाबाईचे हात मी कसे वापरले ते तुम्हाला तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तुम्ही विचारलं होतंत, "आणि तिला समजलंय ना?" मी विषय बदलला. त्याचं पुढे काय झालं ते सोबतच्या वेगळ्या पानांवर लिहिलंय. इथे फक्त परवाचं लिहितो.

परवा मी हंजा, वागाराम आणि सुगनाबाई यांना जीपमध्ये घालून त्यांच्या डेऱ्यावर गेलो. डेरा सोनकच्छच्या अलीकडे होता. वागाराम जीपमधून उतरलाच नाही. मी मुखियासमोर, सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं की ते हात हंजाचे नाहीत, या बाईचे आहेत, आणि बघणारे फसणार हे मला ठाऊक होतं. मला वाटलं होतं की एवढं बोललो म्हणजे काम झालं. तरुण पोरं हसायला लागली. एक म्हणाला, "पहले बोला पिक्चर है. अब बोलता है हाथ दूसरे के. कल बोलेगा मुँह भी दूसरे का था." सुगनाबाईनं हात पुढे केले. पण त्यावरचे पट्टे रंगाचे होते, ते शूटिंगच्याच दिवशी धुऊन गेले होते. कोरे हात बघून पोरं आणखीच हसली. हंजा खाली बघत उभी होती. ताई, इतकी वर्षं मी लोकांना पटवण्याचंच काम केलं, पण त्या दिवशी खरं बोलत असून कुणाला पटवता येईना.

हंजाची सासू बाजूला बसून लोकर कातत होती. ती एकदम म्हणाली, "म्हने कुण दिखायो?" तिला खरंच कुणी काही दाखवलं नव्हतं. पोरांपोरांत मोबाइल फिरला होता, म्हातारीला कोण दाखवणार? मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिनं बघितलं. म्हणाली, पुन्हा लाव. पुन्हा बघितलं. मग पोरांकडे वळून तिनं जे झाडलं त्यातलं निम्मं मला कळलं नाही. कळलं ते एवढं, "ए म्हारी बहू रा हाथ कोनी. चूडो म्हें पेरायो इणने. म्हें नी ओळखूं?" चूडा मी घातलाय तिला, मी हात ओळखणार नाही का? मग ती जीपकडे बघून ओरडली, "वागा! तू तो रोज इण हाथां री रोटी खावे. तू भी नी ओळख्या?"

वागाराम आतच बसून राहिला. मुखिया चहा घेऊन त्याच्याकडे गेला, म्हणाला, "उतर." तो म्हणाला, उतरून काय करू, मेंढ्या विकल्या, चालू कशाच्या मागे? ते खरंच होतं. हंजा त्याच्याजवळ गेली. काय बोलली ते मी ऐकलं नाही, लांब उभा होतो. त्यानं नकाराची मान हलवली. ती परत आली आणि सासूजवळ बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे डेरा हलला तेव्हा ती त्यांच्याबरोबर गेली.

वागारामला मी देवासला परत आणलं. वाटेत एकदाच हसला, म्हणाला, "पिक्चर पूरी हो गई, भिया. मैं इधर, वो उधर." मला हसू आलं नाही. मी खरं सगळ्यांसमोर सांगितलं, हे मुंबईला कळवून टाकलंय. नवीन सिनेमाला त्यांनी माझ्याऐवजी दुसरा माणूस घेतलाय. तुम्ही बांधलेलं नाव मी खाली आणलं, त्याची क्षमा मागत नाही, कारण ती मागून मिळण्यासारखी नाही.

उतरताना वागारामनं विचारलं, "डेरा कहाँ पहुँचा, पता करके देगा?" मुखियाला फोन करायची त्याला लाज वाटते आणि हंजाकडे फोन नाही. मी हो म्हणालो. आता रोज सकाळी मी त्या बाजूच्या गावांना फोन लावून विचारतो, मेंढ्या दिसल्या का? आज टोंकखुर्दच्या एका शेतात उतरल्यात म्हणे. रविवारी त्याला सुट्टी असते. सकाळी सातला त्याला घ्यायला जाईन. तिच्यासाठी काय न्यायचं हे त्यानं मला दोनदा फोन करून विचारलं. मी म्हणालो, तूच ठरव.

आपला,
दिनकर